व्हिसा नाकारल्यानंतर न्यायाधिकरणाकडे जावे का, आणि गेलात तर काय मांडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नागपूरच्या मनीषनगरात राहणारे, पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ असून काटोलजवळ आपली संत्र्याची बाग आहे. मुलगी मेलबर्नला असून तिच्याकडे ऑस्ट्रेलियाचे कायम वास्तव्य आहे, जावई तिथले नागरिक आहेत आणि मुलगा पुण्यात नोकरी करतो. सप्टेंबरमधील मुलीच्या बाळंतपणासाठी आपण व वहिनींनी सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा (सबक्लास ६००, टुरिस्ट प्रवाह म्हणजे त्यातील पर्यटकांसाठीचा प्रकार) मागितला आणि तो नाकारला गेला. आपण तात्पुरत्याच मुक्कामासाठी येत आहात याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. खात्यात नुकतेच जमा झालेले आठ लाख रुपये, मुक्कामाचा मोठा कालावधी आणि पूर्वी एकही परदेशप्रवास नसणे, ही कारणे त्याने दिली आहेत. अधिकाऱ्याने सातबारा उघडूनही पाहिला नाही, अशी आपली तक्रार आहे. ती व्हिसाच्या नकाराचे पुनर्विलोकन करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील न्यायाधिकरणापुढे मांडण्यासाठी जावयांच्या नावाने अर्ज करावा का, असे आपण विचारले आहे.

जावयांच्या नावाने अर्ज करू नका, तो ग्राह्यच धरला जाणार नाही. परदेशातून केलेला आणि नाकारला गेलेला व्हिजिटर अर्ज न्यायाधिकरणाकडे नेण्याची वाट अरुंद आहे. अर्जदाराचे आईवडील, पती किंवा पत्नी, जोडीदार, अपत्य, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणी ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असले, त्यांना भेटणे हा प्रवासाचा हेतू असला आणि त्यांचा तपशील मूळ अर्जात दिलेला असला, तरच टुरिस्ट प्रवाहातील नकाराचे पुनर्विलोकन होते. या यादीत जावई बसत नाही. शिवाय पुनर्विलोकनाचा अर्ज आपण स्वतः करायचा नसतो. ज्या नातेवाइकाला भेटायला जायचे, त्यानेच तो करायचा असतो. म्हणजे अर्जदार आपली मुलगी असेल आणि आपण व वहिनी ज्यांच्या व्हिशाबद्दल वाद आहे त्या व्यक्ती असाल. मूळ अर्जात मुलीचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता नीट भरला होता का, हे सर्वांत आधी अर्जाची प्रत काढून पाहा. अनेक घरांत हा रकाना घाईने जावयाच्या नावाने भरलेला असतो, कारण घरभाडे आणि पगार त्याच्या नावावर असतो, आणि मग पुनर्विलोकनाचे दार तिथेच बंद होते.

दुसरी गोष्ट मुदतीची. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या अपील न्यायाधिकरणाच्या जागी अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल काम करते. आता नकार कळवल्यापासून २८ दिवसांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. परदेशातून केलेल्या अर्जांसाठी पूर्वी ७० दिवस मिळत असत. तो जुना आकडा अजूनही अनेकांच्या तोंडी आहे, त्यावर विसंबू नका. स्थलांतराच्या प्रकरणांत ही मुदत वाढवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. आजारपण, सण, एजंटचा निष्काळजीपणा, यांतील कोणतेही कारण चालत नाही. नकाराचे पत्र ईमेलने आले असेल, तर ते त्याच दिवशी मिळाले असे कायदा मानतो, आपण ते कधी उघडले याला महत्त्व नसते. आपण अर्जात एजंटला पत्रव्यवहाराचा अधिकार दिला असेल, तर पत्र त्याच्या ईमेलवर पोचले की ते आपल्याला पोचले असेच धरले जाते. त्यामुळे एजंटने आपल्याला कधी सांगितले यावरून दिवस मोजू नका. त्याच्याकडून मूळ ईमेल मागवा, त्यावरची तारीख पाहा आणि ती आजच मुलीला कळवा.

आता आपल्या तक्रारीकडे येतो, कारण बहुतेक चांगली प्रकरणे इथेच चुकीच्या दिशेला जातात. आपण मला पाठवलेल्या चार पानी मसुद्यातील तीन पाने अधिकाऱ्याने काय वाचले नाही, किती घाई केली आणि निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यावर कसा अविश्वास दाखवला, याबद्दल आहेत. आपला राग मी समजू शकतो, आणि कदाचित त्या अधिकाऱ्याने सातबारा खरोखरच पाहिला नसेल. परंतु न्यायाधिकरण त्या अधिकाऱ्याची चौकशी करत नाही. ते त्याच्या जागी बसून, सगळा पुरावा नव्याने पाहून, निर्णय पुन्हा पहिल्यापासून घेते. अधिकाऱ्याची चूक सिद्ध झाली म्हणून व्हिसा मिळत नाही आणि अधिकारी त्या दिवशी बरोबर होता म्हणून आपले प्रकरण संपतही नाही. न्यायाधिकरणाच्या सदस्यापुढे प्रश्न एकच असतो: हे दोघे ठरलेल्या मुदतीसाठीच येत आहेत आणि मुदत संपल्यावर परत जातील, हे आज माझ्यापुढे असलेल्या पुराव्यावरून मला पटते का? ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर नियमावलीतील ६००.२११ हे कलम या प्रश्नाचे तीन भाग पाडते. पूर्वीच्या व्हिशांच्या अटी पाळल्या का, या व्हिशाच्या अटी पाळण्याचा इरादा आहे का, आणि इतर कोणती संबंधित बाब आहे का. आपल्या निवेदनातील प्रत्येक परिच्छेद या तिन्हींपैकी एकाला भिडला पाहिजे. जो भिडत नाही तो काढून टाका, मग तो कितीही खरा असो.

या पद्धतीचा आपल्याला मोठा फायदा आहे. अर्जाच्या वेळी जोडला नव्हता तो पुरावाही आता देता येतो, आणि परिस्थिती निर्णयाच्या दिवशी जशी असेल तशी पाहिली जाते. याच कारणाने बाळंतपणाबद्दल आताच विचार करा. आपल्या अर्जात प्रवासाचे कारण ‘मुलीला भेटणे व पर्यटन’ एवढेच लिहिले आहे, असे आपण कळवता. सहा महिन्यांचे पर्यटन म्हटल्यावर कोणत्याही अधिकाऱ्याच्या मनात शंका येणारच. पहिल्या बाळंतपणासाठी आई मुलीजवळ असते, ही आपल्याकडे सांगावी लागू नये अशी गोष्ट आहे, पण तिकडच्या फायलीत ती लिहिल्याशिवाय दिसत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख असलेले रुग्णालयाचे पत्र आणि मुलीचे स्वतःचे निवेदन यांनी सहा महिन्यांचा हिशेब लगेच लागला असता. मात्र सुनावणी होईपर्यंत मूल चालू लागलेले असू शकते. तेव्हा सदस्य विचारेल की आता येण्याचे कारण काय, आणि किती दिवसांसाठी. त्याचे उत्तर त्या वेळच्या वस्तुस्थितीला धरून द्यावे लागेल, जुन्या कारणाला चिकटून राहून नव्हे.

आठ लाखांबद्दल. निवृत्त माणसाच्या खात्यात अर्जाच्या पंधरा दिवस आधी मोठी रक्कम आली की ती कोणाकडून तरी दाखवण्यापुरती घेतली आहे, असा संशय घेतला जातो. आपली रक्कम मुदत ठेव मोडून आली आहे, असे आपण म्हणता. मग ठेवीची मूळ पावती, मुदतपूर्तीची किंवा मोडल्याची बँकेची नोंद आणि बचत खात्याचा किमान वर्षभराचा उतारा, असा सलग माग द्या. खातेउताऱ्यातील त्या ओळीवर खूण करून शेजारी ‘ठेव क्रमांक अमुक, पान अमुक पाहा’ असे लिहा. सदस्याला शोधत बसावे लागले तर पुरावा असूनही नसल्यासारखा होतो. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि दरमहा येणारी रक्कम वेगळी दाखवा, कारण एकदम आलेल्या आठ लाखांपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारे पेन्शन जास्त बोलते.

येथे एक सावधगिरी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो म्हणून परत यावेच लागेल, असा मुद्दा आपण मसुद्यात घेतला आहे. तो काढून टाका. तो दाखला आता डिजिटल पद्धतीने दूरवरूनही देता येतो. सदस्याने हे विचारले आणि आपल्याला कबूल करावे लागले, तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही उडेल. शिवाय आपला मुक्काम फेब्रुवारीपर्यंतचा होता, म्हणजे आपल्याच म्हणण्याप्रमाणे नोव्हेंबरमध्ये आपण मेलबर्नलाच असणार होता.

बागेचा मुद्दा मात्र खरोखर बळकट आहे आणि तो आपण फार थोडक्यात आटोपला आहे. सातबाऱ्यावरून जमीन आपल्या नावावर आहे एवढेच सिद्ध होते. जमीन तर परदेशात कायमचे राहणाऱ्यांच्या नावावरही असते. ती आपण स्वतः कसता आणि ठरावीक वेळी आपण तिथे लागता, हे दाखवले तर परतण्याचे कारण तयार होते. आपण मृग बहार घेता, म्हणजे जून-जुलैत फुटलेल्या बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. ऑगस्टमध्ये जाऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत येण्याचा आपला बेत या वेळापत्रकात नेमका बसतो, आणि हे मूळ अर्जात कुठेही नव्हते. गेल्या तीन-चार हंगामांच्या कळमना बाजारातील अडत्याच्या पट्ट्या, ई-पीक पाहणीची नोंद, खते-औषधांची बिले आणि आपल्या गैरहजेरीत ओलित कोण पाहणार याचे सालगड्याचे किंवा भावाचे साधे निवेदन जोडा. एखाद्या वर्षी बाग झाडावरच सौद्याने व्यापाऱ्याला दिली असेल तर तेही सांगा, लपवू नका. मात्र तसे दरवर्षी होत असेल, तर तोडणीला आपली गरज काय, हा प्रश्न येईल आणि त्याचे प्रामाणिक उत्तर आधीच लिहिलेले असावे.

पूर्वी परदेशप्रवास नाही ही बाब आपल्याविरुद्ध जाते असे नाही. तिच्यामुळे आपल्या बाजूचा एक पुरावा कमी पडतो इतकेच. ती पोकळी दुसऱ्या मार्गाने काही प्रमाणात भरता येते. जावयांचे आईवडील दोन वर्षांपूर्वी त्याच घरी राहून मुदतीत परत आले, असे आपण ओघात लिहिले आहे. हा उल्लेख ओघात सोडण्यासारखा नाही. त्यांच्या पारपत्रावरील शिक्के आणि व्हिसाची प्रत जोडली, तर या घराने बोलावलेले पाहुणे अटी पाळून परत जातात, हे दिसते. मुलगा पुण्यात आहे, आपल्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री आपल्याजवळ राहतात, हेही कागदावर यायला हवे. मातोश्रींच्या बाबतीत, आपण सहा महिने नसताना त्यांच्याकडे कोण पाहणार, हे न सांगता त्यांचा उल्लेख केला तर तो उलटतो.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागेलच. भारतात केलेल्या भाषांतराखाली भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव लिहिलेला असावा लागतो. नुसता नोटरीचा शिक्का पुरेसा नाही. सातबाऱ्यावरील नाव, आधारवरील नाव आणि पारपत्रावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल, तर तो एका प्रतिज्ञापत्रात स्पष्ट करा.

अर्ज दाखल झाल्यावर मुलीने व्हिसाचे अर्ज हाताळणाऱ्या तिथल्या विभागाकडे असलेली आपली फाईल तिथल्या माहितीच्या अधिकाराखाली मागवावी, त्यासाठी लागणारी आपली लेखी संमती तिला पाठवा. नकाराच्या पत्रात दोन ओळींत येते त्यामागे फायलीत बरेचदा जास्त मजकूर असतो, आणि आपल्या एजंटने नेमके काय अपलोड केले होते तेही तिथे कळते. सातबारा ‘उघडून पाहिला नाही’ असे आपण म्हणता, पण तो मुळात जोडला गेला होता का, हे मला अजून ठाऊक नाही आणि आपल्यालाही नसावे.

सुनावणी हा भांडणाचा प्रसंग नसतो. समोर सरकारी वकील बसलेला नसतो आणि विभागाचा प्रतिनिधी बहुधा येत नाही. सदस्य स्वतः प्रश्न विचारतो. मुलीची आणि आपली साक्ष फोनवर किंवा व्हिडिओवर घेतली जाते. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच तास. तिथे सकाळी साडेनऊची वेळ दिली असेल, तर आपल्याकडे पहाटेचे पाच किंवा चार वाजलेले असतील, तेव्हा फोन चार्ज करून, शांत खोलीत, कागद पुढ्यात घेऊन बसा. दुभाषी न्यायाधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. अर्जातच मराठी दुभाषी मागा, वहिनींसाठी तर नक्कीच. आपले इंग्रजी कामकाजाला पुरेसे आहे, पण कारणे सांगताना माणूस आपल्या भाषेत जास्त अचूक असतो. दोघांची उत्तरे पाठ करून घेऊ नका. एकाच वाक्यात दिलेली दोन उत्तरे सदस्याच्या लगेच लक्षात येतात. तिकिटाचा खर्च कोण करणार, मुक्काम कुठे, परतीची साधारण तारीख काय, मुलगी पुढे आईवडिलांना कायमचे बोलावण्याचा विचार करते का, असे प्रश्न येतील. शेवटच्या प्रश्नाला ‘विचार आला होता, पण सध्या आमचे सर्व नागपुरात आहे’ हे उत्तर खरे असेल तर तेच द्यावे. मनात येणे आणि मुदत मोडून राहणे यांतील फरक सदस्याला कळतो. आपल्याविरुद्ध जाणारी एखादी माहिती निर्णयाचा आधार होणार असेल, तर ती आपल्याला सांगून उत्तराची संधी देणे न्यायाधिकरणावर बंधनकारक आहे. तसे पत्र आले तर त्यातील मुदत काटेकोर पाळा.

निकाल अनुकूल लागला तरी न्यायाधिकरण सहसा व्हिसा देत नाही. अर्जदार अमुक निकष पूर्ण करतात, असा निर्देश देऊन ते प्रकरण विभागाकडे परत पाठवते, आणि वैद्यकीय व चारित्र्यविषयक तपासण्या उरल्या असतील तर त्या नंतर होतात. निकाल प्रतिकूल लागला, तर ३५ दिवसांच्या आत तिथल्या फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जाता येते, पण तिथे फक्त अधिकारकक्षेची चूक पाहिली जाते. आपल्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेत पुराव्याचे पुन्हा वजन केले जात नाही, हे आपण सेवेतील प्रकरणांमुळे जाणता, तसेच तिथेही आहे. भेटीच्या व्हिशासाठी तो खर्च करावा असे मी क्वचितच सांगेन.

याच ठिकाणी, न्यायाधिकरणाकडे जावे की नाही, या मूळ प्रश्नाचा विचार व्हायला हवा. पुनर्विलोकनाचे शुल्क सुमारे साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास, आणि ते दर १ जुलैला बदलते. अर्ज करणाऱ्याची खरी आर्थिक ओढाताण असेल तर निम्मी सूट मिळू शकते, आणि निकाल अनुकूल लागल्यास निम्मी रक्कम परत मिळते. वेळेचे म्हणाल तर वर्षभर किंवा त्याहून अधिक थांबण्याची तयारी ठेवावी लागते. याउलट नव्या व्हिजिटर अर्जाचे शुल्क सुमारे दोनशे डॉलर आहे आणि आपण ऑस्ट्रेलियाबाहेर असल्याने नकारानंतर नवा अर्ज करण्यास बंदी नाही. पुनर्विलोकन चालू असतानाही तो करता येतो.

आपल्या प्रकरणात नकाराचे कारण अपुरा पुरावा हे आहे, खोटेपणाचा ठपका नाही. म्हणून माझे मत नवा अर्ज करावा असे आहे. पत्रात ‘पीआयसी ४०२०’ असा उल्लेख असता, म्हणजे बनावट कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा निष्कर्ष काढला असता, तर माझे उत्तर अगदी उलटे असते. त्या ठपक्यामुळे साधारण तीन वर्षे पुढचे अर्ज अडतात आणि तो पुसण्यासाठी दोन लाख खर्च करणे योग्य ठरते. म्हणून पत्र पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि हा आकडा त्यात कुठे नाही याची खात्री करा. वारंवार एकाच कारणाने नकार मिळालेल्या कुटुंबांनीही पुनर्विलोकनाचा विचार करावा. त्यांच्यासाठी स्वतंत्र सदस्यापुढे तोंडी साक्ष देण्याची संधी मोलाची असते.

आपल्या भाच्याला लंडनच्या प्रकरणात अपील मिळाले, मग आम्हाला ते इतके अवघड का, असेही आपण विचारले आहे. प्रत्येक देशाची वाट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये कुटुंब म्हणून स्थायिक होण्याच्या व्हिशाला अपील असते, पण नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिशाचे सर्वसाधारण अपील २०१३ मध्येच बंद झाले. अमेरिकेत तिथल्या स्थलांतर कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली नाकारलेल्या पर्यटक व्हिशाला अपीलच नाही. कॅनडात पर्यटक व्हिशाचा नकार फेडरल कोर्टाच्या परवानगीनेच पुढे नेता येतो. भाच्याच्या कागदांवरून आपला मसुदा बनवू नका.

नवा अर्ज करताना पूर्वीचा नकार लपवू नका, तो प्रश्न अर्जात स्पष्ट विचारलेला असतो. मुलीला मान्य असेल तर या वेळी स्पॉन्सर्ड फॅमिली प्रवाहाचा विचार करा. त्यात ती औपचारिक स्पॉन्सर होते, विभाग तिच्याकडून सुरक्षा ठेव मागू शकतो, आणि आपण अटी पाळून परतलात की ती ठेव परत मिळते. त्या व्हिशावर तिथे राहून पुढचा व्हिसा मागता येत नाही, हे दोघांनाही आधीच माहीत असू द्या. कालावधी सहा महिन्यांऐवजी चार महिने मागता येत असेल तर तसा मागा, पण तो बाळंतपणाच्या तारखेशी आणि बागेच्या हंगामाशी जुळलेला असू द्या. नकाराच्या पत्रातील प्रत्येक कारणाला एकेक परिच्छेदात उत्तर देणारे दोन पानांचे पत्र सोबत द्या. आणि २८ दिवस संपण्याच्या किमान आठवडाभर आधी मुलीने तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला किंवा वकिलाला नकाराचे पत्र दाखवून घ्यावे. एजंटचा नोंदणी क्रमांक सार्वजनिक यादीत तपासता येतो. त्याला पत्रात मला न दिसलेले काही आढळले, तर पुनर्विलोकनाचा अर्ज मुदतीत दाखल करण्याइतका वेळ तिच्या हाती उरलेला असेल.